हे पुस्तक आता कोणाले?

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी आदिलाबादकडे एका धाब्यावर रोट्या शेकत होतो. बातमी कळली तीन महिन्यांनी, घाटंजीच्या बाजारात, मिरच्या घेता घेता. तांड्यावरच्या त्या पोरीच्या मरणाचा दोष तुम्ही स्वतःच्या पुस्तकांवर घेतला होता आणि तो तसाच घेऊन गेलात. दोष तुमचा नव्हता. एवढंच सांगायला बसलो आहे. मला पत्राची सवय नाही, इकडचं तिकडं होईल. तेव्हा तुम्ही वर्गात म्हणायचे तसं "मुद्द्यावर ये बाबू" म्हणा.

सध्या मी पुस्तकांची गाडी चालवतो. हसू नका. धाबा सोडला, मग जिनिंगमध्ये राहिलो, मग आर्णीला एकाच्या गॅरेजात, कुठंच वर्ष पुरं झालं नाही. आता पिकअपमध्ये खोकी भरून शाळाशाळांतून प्रदर्शन लावतो. मालक टेबलामागं बसतो, मी खोकी उतरवतो. पोरं मालकाला सोडून मलाच विचारतात, दादा यातलं चांगलं कोणतं? मी सांगतो की मी ड्रायव्हर आहे, मला विचारू नका. दोन वर्षं झाली, एकाही पोराला मी एकही पुस्तक सांगितलेलं नाही. मालकाला वाटतं मला वाचता येत नसावं.

तुमची पत्र्याची पेटी आठवते. निळी, कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. शनिवारी सकाळच्या शाळेत ती उघडायची. प्रत्येकाला दोन पुस्तकं, एक गोष्टीचं आणि एक खऱ्याचं. गोष्टीचं वाचून पोट भरते अन् खऱ्याचं वाचून डोळे उघडतात, असं काही तुम्ही म्हणायचे, पण माझं लक्ष तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या बैलगाडीकडं असायचं. नियम एकच होता. पुस्तक परत करताना तुम्ही विचारायचे, "हे आता कोणाले?" मग आपण वर्गातल्या एकाचं नाव घ्यायचं, त्याच्या हातात पुस्तक द्यायचं आणि त्यालाच का, ते सगळ्यांसमोर सांगायचं. पण त्याआधी पुस्तक पुरं वाचलेलं पाहिजे. अर्धवट वाचून दुसऱ्याच्या हाती दिलं की तुम्ही चिडायचे. एकदा मी भुताच्या गोष्टीचं पुस्तक असंच ढकललं होतं, तेव्हा तुम्ही मला दिवसभर व्हरांड्यात बसवून ते पुरं करायला लावलं. शेवटी भूत निघालंच नाही, कोठ्यातलं वासरू निघालं. मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

ते सापांचं पुस्तक माझ्याकडं महिनाभर होतं. मी वाचलं असेल दहा पानं. पण चित्रं पाहायचो. शेवटच्या पानावर एक साप होता, काळाशार, तेल लावल्यासारखा चकाकता, अंगावर पांढरे बारीक पट्टे. एवढी सुंदर गोष्ट आमच्या घरात दुसरी नव्हती. मी ते पान हळूच फाडलं आणि माझ्या कपड्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून भाताच्या शितांनी चिकटवलं. चित्र वर, मागची बाजू पत्र्याला. मागं काय छापलं आहे ते मी पाहिलंच नाही.

शनिवार आला. तुम्ही खिचडीचं रजिस्टर भरत होते, एरवी पानं चाळून घ्यायचे, त्या दिवशी चाळली नाहीत. विचारलं, "पुरं वाचलं?" मी म्हटलं, हो सर, पुरं. आणि मी तांड्यावरच्या तिचं नाव घेतलं. कारण काय, तर ती सरड्याला भीत नाही. वर्ग हसला. ती नाही हसली. तिनं पुस्तक घेतलं आणि पाठीमागची बाजू आधी पाहिली. तिची तशी सवय होती, छापखान्याचा पत्ताही वाचायची. ते पान असतं तर तिनं वाचलं असतं. यात मला कधीच शंका वाटली नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारची गोष्ट. मी तांड्यावर तिच्या भावाबरोबर कंचे खेळायला गेलतो. ती चुलीसाठी पऱ्हाटीच्या ढिगातून काड्या ओढते आहे. ढिगातून एक साप निघतो. सुस्त, ऊन लागल्यासारखा. बाकीची पोरं पळतात. ती वाकून शेपटीकडून उचलते आणि मला दाखवते.

"पाह्य. कवड्या हाये. याले जहर नसते, पुस्तकात हाये."

मी काही बोललो नाही. तो वळला आणि तिच्या बोटाला त्याचा दात लागला. तिनं त्याला कुंपणापलीकडं सोडला. बोटावर नीट खूणसुद्धा नव्हती, दुखतही नव्हतं. तिची याडी, म्हणजे माय, धावत आली तेव्हा ती उलट तिलाच समजावत होती की दवाखान्यात कायले जाचं, सरांच्या पुस्तकात चित्र आहे त्याचं. माय मागं फिरली. सरांच्या पुस्तकापुढं तांड्यावर कोणी बोलत नसे. दिवस कलला तेव्हा तिच्या पापण्या उचलेनात, तोंडातून शब्द नीट निघेना. गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. घाटंजीवरून पुढं यवतमाळला पाठवलं, वाटेतच ती गेली.

तिसऱ्या दिवशी तिचा काका पुस्तक घेऊन शाळेत आला. ओरडला नाही. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पोरगी म्हने सरानं देल्लं, खोटं कसं राहीन. आता तुम्हीच सांगा."

तुम्ही म्हणालात, "माहीच चुकी हाये."

मग तुम्ही पुस्तक उघडलं. शेवटी आलात. फाटक्या कडेवरून बोट फिरवलंत, वरून खाली, एकदा. मी पहिल्या बाकावर होतो. तुम्ही वर पाहिलं नाही. निळी पेटी त्या दिवशी बांधली ती परत सुटली नाही, आणि पुढच्या वर्षी तुमची बदली झाली. पेटी मागंच राहिली. नव्या मॅडमनी तिच्यात खडू ठेवले.

गेल्या आठवड्यात पांढरकवड्याच्या पुढं एका आश्रमशाळेत गाडी लावली. आठवीतली एक पोरगी आली तेव्हा मालक जेवायला गेला होता. म्हणाली, घरी लहान भाऊ आहे, वावरात अनवाणी फिरतो, त्याला शिकवायला सापांचं काही आहे का. खोक्यात तेच पुस्तक निघालं, नवं कोरं. मी शेवटचं पान उलटलं. सर, इतक्या वर्षांनी मी त्याची मागची बाजू वाचली. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, मण्यारचे शेपटीकडे. मोठी माणसंही चुकतात. म्हणून ओळख पटली असं वाटलं तरी हात लावू नका. मण्यार चावला तर दुखत नाही, थांबू नका, दवाखान्यात न्या. सहा-सात ओळी असतील.

मी त्या पोरीला त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. मग परत वाचल्या. ती म्हणाली, "दादा, मले वाचता येते." मी म्हटलं, माहीत आहे, तरी हे पान आधी वाच, भावालाही हेच आधी वाचून दाखव, बाकीचं मग. तिनं मान हलवली, वेड्याकडं पाहून हलवतात तशी. पुस्तक घेऊन गेली. मी गाडीच्या मागं जाऊन बसलो, मालक येईपर्यंत.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या घरचा पत्ता मला सापडला असता, पण तुमच्या माणसांना हे कशाला वाचायला लावायचं. तिच्या याडीकडं जायला पाहिजे. आर्णीवरून दोनदा तांड्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो आणि परत फिरलो.

एक राहिलं. मघाशी लिहिलं की पानाची मागची बाजू मी पाहिली नव्हती. ते खरं आहे. पण पुढच्या बाजूला, चित्राखाली, नाव छापलेलं होतं. मी रोज माझी कपड्यांची पेटी उघडली की वाचायचो, मण्यार. उन्हात तिनं तो उचलून धरला तेव्हा मी ओळखला होता, सर. पण कसं ओळखलं म्हणून तिनं विचारलं असतं.