रविराजचा बाप्तिस्मा

२२ फेब्रुवारी, रविवार

तो आला. चर्चमध्ये! शेवटच्या बाकावर, पांढरा शर्ट, मान खाली. माझ्या जीवनला मारणारा रविराज!

आधी ओळखलंच नाही. कोर्टात दाढी होती. मग प्रार्थनेला त्यानं हात जोडले — तेच हात. सातपूरच्या चौकात गाडीला गाडी घासली, एवढ्यावरून याच हातांनी माझ्या पोराच्या डोक्यात गज घातला. पोर खाली पडल्यावरही घातला.

गीत चालू असतानाच मी उठले. नवऱ्यानं, शांतवननी, मनगट धरलं. "वसू, बस." इतकं घट्ट धरलं की अजून वळ आहे.

पाळकसाहेब नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "जामिनावर सुटलाय. तुरुंगात बायबल वाचायला लागला. ईस्टरला बाप्तिस्मा मागतोय."

मी म्हटलं, "द्या की. बुडवा. आणि वर काढू नका."

२४ फेब्रुवारी

पॅकहाऊसमध्ये दिवसभर द्राक्षांचे घड साफ केले. सडका मणी दिसला की कात्रीनं टचकन उडवायचा. प्रत्येक मण्याला त्याचं नाव दिलं. सुपरवायझर ओरडली — "अहो मावशी, चांगले मणी कशाला कापताय?" पाहिलं तर घड अर्धा झालेला.

येताना कात्री पिशवीत टाकून आणली.

१ मार्च, रविवार

शांतवन आज वेदीपुढे उभे राहिले. मंडळीतले वडीलधारे ना ते! रविराजला पुढे बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. "मी याला क्षमा केली आहे. प्रभूनं मला नवं केलं." बायका रडायला लागल्या. कुणीतरी 'हालेलुया' ओरडलं.

मी पिशवीत हात घालून कात्रीची पाती उघडत होते, मिटत होते. रविराज परत जाताना माझ्या बाकाशेजारून गेला. मानेवरची शीर दिसली. उडत होती.

घरी येऊन कपबशा फोडल्या. सगळ्या. "मला विचारलंत? मी आई आहे त्याची!" शांतवन खाली बसून काचा गोळा करत राहिले. बोट कापलं तरी थांबले नाहीत. असला नवा माणूस मला नको!

६ मार्च

तो घरी आला. शांतवन कंपनीत. मी चहाचं आधण ठेवलेलं.

दारातूनच म्हणाला, "मावशी, मला फक्त —"

पातेलं उचललं आणि फेकलं. उजव्या हातावर पडलं. कातडी लगेच फुगली. पळाला नाही. दात आवळून उभा. म्हणाला, "तुमचा हक्क आहे."

"हक्क? माझा हक्क मातीत पुरून आलेय मी!" दार आपटलं.

खरं लिहिते — बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग मोरीत जाऊन ते पातेलं तीनदा घासलं.

७ मार्च

चिमणाबाई आल्या. हरसूलकडच्या. आमच्या मंडळीत सगळ्यांत म्हाताऱ्या. वाटलं, आता उपदेश करणार. पण भिंतीला टेकून बसल्या, म्हणाल्या, "पोराचा हात लय भाजलाय म्हनं."

मी तांदूळ निवडत राहिले.

"मी येशूचं नाव घेतलं तवा माझ्या दिरानं माझं घर पेटवलं व्हतं. शेळ्या आत व्हत्या. वरडत जळाल्या."

"मग? केलीत क्षमा?"

"केली की. सकाळी केली. दुपारी त्याचा गळा दाबावा वाटला. परत केली. आंगोळ एकदा केली म्हून जलमभर पुरती का गं?"

"किती दिवस चाललं असं?"

"तो मेला तरी चालूच हाय."

मला वाटायचं, प्रभू एकदा धुतो आणि माणूस स्वच्छ होतो. हे रोजचं आहे हे कुणी सांगितलंच नाही!

९ मार्च

सकाळी म्हटलं, "प्रभू, सोडलं त्याला." भाकरी थापता थापता पुन्हा धरलं.

१४ मार्च

जीवनचा शर्ट सापडला. आज क्षमा नाही. मागूही नको माझ्याकडे.

१९ मार्च

क्षमा दुपारपर्यंत टिकली!

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

कात्री काल पॅकहाऊसला परत दिली.

मिरवणुकीत रविराज झावळी डाव्या हातात धरून चालत होता. उजव्याला पट्टी. मी जवळ गेले. "हात बरा आहे का?" त्यानं पट्टीचा हात पाठीमागे घेतला.

शांतवन बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू त्याच्याशी बोललीस?"

"तुम्हीच ना क्षमा केलीत?"

"हो." ताट सरकवलं आणि उठले.

५ एप्रिल, ईस्टर

आजचं लिहून ठेवते.

सूर्योदयाची उपासना. चर्चच्या अंगणातला हौद भरलेला. पाळकसाहेबांनी रविराजला पाण्यात नेलं, बुडवलं, वर काढलं. सगळे गायला लागले. शांतवन काठावर टॉवेल घेऊन उभे होते. टॉवेलातून कंपनीतला मोठा पाना निघाला!

पहिला घाव खांद्यावर. दुसरा डोक्यात. पाणी लाल झालं. गाणं मध्येच तुटलं. मी कधी हौदात उडी मारली माहीत नाही. त्याच्या अंगावर पडले. तिसरा घाव माझ्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला.

"बाजूला हो वसू! जीवनला मारलंय यानं!" असा आवाज त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"माहीत आहे! माहीत आहे मला!"

हलले नाही. त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. आई आई करत होता. मारावंसं तेव्हाही वाटलं. सोडलं मात्र नाही.

लोकांनी शांतवनना खाली पाडलं तेव्हा ते अजून पाना शोधत होते.

६ एप्रिल

माझा हात प्लॅस्टरमध्ये. रविराज शुद्धीवर आला. पोलिसांना म्हणाला, "हौदात पाय घसरला." मंडळीनं माना डोलावल्या. पाळकसाहेब माझ्या कानाशी लागले — "तुम्हीही तेच सांगा. घर वाचेल."

जीवन पडला तेव्हा चौकातल्या सगळ्यांनी हेच केलं होतं. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

शांतवन कालपासून भिंतीकडे तोंड करून बसलेत. पाणीसुद्धा घेत नाहीत.

७ एप्रिल

सकाळी त्यांना म्हटलं, "मी चौकीत जाते. जे झालं ते सांगणार आहे." एका हातानं चपलेचा पट्टा लावत होते. ते उठले. वाटलं, आता मारतात. खाली बसले, माझा पट्टा लावला. म्हणाले, "थांब. मीही येतो. एकट्याला जमत नव्हतं."