नायट्याची मुलं

९ जानेवारी १९६४
सुभद्रा राठोड गेली. महागावकडच्या तांड्यावरची, तेरा वर्षांची. नागपूरला डोक्यात गाठ सांगितली, बापाने घरी नेलं, आठ दिवसांत आटोपलं. बाप, हिरामण, आज दाखल्यासाठी दवाखान्यात आला होता. चहा दिला, प्यायला नाही. जाता जाता म्हणाला, "बाई, लहानपणी तिचं डोकं तुमीच धरलं होतं नं? मशीनखाली?"
हो. मीच.
वॉर्डातल्या आयाला विनाकारण झापलं.

११ जानेवारी
आठवतं तेवढं लिहून ठेवते. छप्पनच्या हिवाळ्यात गावोगावच्या शाळांतून पोरं आणली होती, डोक्यात नायटा झालेली. एक्सरेच्या यंत्राखाली डोकं धरायचं. पंधरा-वीस दिवसांत केस गळायचे, मग मलम. मोठे डॉक्टर (पुढे नुसतं मो. डॉ.) तेव्हा नवे होते आणि यंत्रही नवं. मी नर्स होऊन सहा महिने झालेले. पोरं हलायची म्हणून दोन्ही हातांनी कानशिलं दाबून धरायची. एक पोरगी रडायला लागली तर मी म्हटलं, "फोटो काढून राह्यले तुहा, हलू नको."
फोटो!

२ फेब्रुवारी
आमच्याच वस्तीतल्या गयाबाईचा प्रल्हाद. चौदा वर्षांचा. सकाळी उठला की ओकारी, दुपारपर्यंत बरा. चालताना एका अंगाला झोक जातो. शाळेत मास्तर म्हणाले ताडी पिऊन आला, आणि छडीने सोललं त्याला. आमच्या मो. डॉ.नी जंताचं औषध दिलं.
गयाबाईला बाजूला घेऊन विचारलं, याच्या डोक्याला मशीन लावली होती का?
"लावली नं बाई. आपुन दीक्षा घेऊन नागपूरहून आलो, त्याच हिवाळ्यात. टक्कल पाहून पोरं चिडवत होती त्याले."
घरी आल्यावर एक कोरी वही काढली. सुभद्रा. प्रल्हाद.

१९ फेब्रुवारी
मो. डॉ.कडे गेले. आधी ऐकून घेतलं, मग हसले. "दोन पोरांवरून यंत्राला फाशी देता का सिस्टर?"
म्हटलं, दोनच आहेत की जास्त, तेच बघायचंय. छप्पनचं रजिस्टर द्या.
"उंदरांनी खाल्लं."
कपाटाची किल्ली यांच्या खिशात, उंदीर आत गेले कसे?
"तुमचं काम पट्ट्या बांधायचं. चार अक्षरं आली की तुमच्या लोकांना..." पुढचं गिळलं. गिळलं तरी मला ऐकू आलंच होतं.
दार आपटून बाहेर आले. रागाने. भीतीने नाही, हे लिहून ठेवते.

८ मार्च
प्रल्हादला घेऊन नागपूर. मो. डॉ.नी चिठ्ठी दिली नाही, तसंच नेलं त्याला. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी त्याचे डोळे तपासले, एका रेषेत चालवून पाहिलं. गाठच म्हणाल्या. मुंबईला पाठवावं लागेल.
मग वही दाखवली. त्यांनी पानं दोनदा वाचली. "संशय वेडा नाही तुमचा. पण नुसत्या आजारी मुलांना विचारून काही कळणार नाही. यंत्राखाली गेलेली आणि धडधाकट असलेली मुलंही शोधा. गाठ झाली पण यंत्र पाहिलंच नाही, अशीही. सगळ्यांना तेच प्रश्न. डोक्याला मार लागला होता का, घरात डीडीटीची फवारणी झाली का, घराण्यात कोणाला गाठ होती का. आणि यंत्राचं आधी विचारू नका, नाहीतर ते तुम्हाला हवं तेच सांगतील."
अस्सा राग आला! प्रल्हाद माझ्या पदरात ओकतोय आणि ही मला धडधाकट पोरं शोधायला सांगते. यवतमाळ येईपर्यंत तिच्याशी मनात भांडत होते. मग पटलं. पटलं म्हणून आणखी राग.

१२ एप्रिल
रविवार. आर्णीकडे गेले होते. तिथल्या एका खेड्यात बेबी नावाची मुलगी, अकरा वर्षांची, डोक्यात गाठ निघालेली. ऐकलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. बरं! कोणाच्या पोरीला गाठ झाली म्हणून!
सगळे प्रश्न विचारले. यंत्राचं शेवटी.
"कोनती मशीन बाई? आमच्या गावात तं कोणी आलंच नाही."
नायटा?
"कदीच नाही."
"नाही" लिहिलं. इतर शब्दांएवढंच मोठं लिहिलं. मग यंत्राचा दोष नाहीच का? की गाठ दहा वाटांनी येते आणि त्यातली एक आपण उघडून दिली? कोण सांगणार?
छप्पनच्या रजिस्टरसाठी सरकारी कचेरीत पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर नाही.

२४ मे
सुभद्राच्या तांड्यावर गेले. उन्हाने डोकं फुटायची वेळ. तिची याडी, म्हणजे आई, मला पाहताच धावून आली. "पयले डोकं धरलं, आता नावं लिवून राह्यली! कायले आली?"
लिंबाखाली बसून राहिले. तासाभराने तिनेच तांब्याभर पाणी आणून समोर आदळलं. मग स्वतः उठून सुभद्रासोबत यंत्राखाली गेलेल्या पोरींना हाका मारल्या. चौघी आल्या. एकीच्या कडेवर मूल. चौघीही ठणठणीत. मी प्रश्न विचारत होते आणि त्यांची उत्तरं ऐकत याडी रडत होती. शेवटी म्हणाली, "मंग माहीच काहून गेली?"
वही मिटून घेतली.

१७ जुलै
प्रल्हाद मुंबईहून आला. गाठ काढली, जीव वाचला. पण नजर कायमची गेली.
भेटायला गेले. आवाजावरून ओळखलं मला. म्हणाला, "बाई, मास्तरले सांगजा, मी पेलो नवतो."
तशीच शाळेत गेले. वर्ग चालू होता. सगळ्या पोरांसमोर सांगितलं. मास्तर म्हणाले, मला काय ठाऊक? मी म्हटलं, ठाऊक नव्हतं तर छडी कशी उचलली?
मग वाटेत थांबले. मलाही कुठे ठाऊक होतं?

३ ऑगस्ट
शाळांमधून पुन्हा नायट्याची पोरं येणार आहेत. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीने कळवलं होतं, नायट्यावर आता गोळी निघाली आहे. चिठ्ठी मो. डॉ.च्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "गोळी येईल तेव्हा येईल. यंत्र दारात उभं आहे."

५ ऑगस्ट
आज पोरं आली. ओळीने ओट्यावर बसवलेली, कोणाच्या हातात गुळाचा खडा. मो. डॉ.नी हाक मारली, सिस्टर, डोकं धरा.
म्हटलं, मी धरणार नाही.
"काय म्हणालात?"
पुन्हा म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.
लाल झाले. बदली करतो म्हणाले, नोकरी घालवतो म्हणाले, आणि नव्या नर्सला बोलावलं. एकोणीस-वीसची असेल. ती माझ्याकडे न बघता आत गेली. दार लागलं.
पोरांसोबत त्यांच्या आया आल्या होत्या, त्यांना सांगायचा प्रयत्न केला. एकीने पोराला उचललं आणि निघून गेली. बाकीच्या म्हणाल्या, डॉक्टरपेक्षा तुमाले जास्त कळते का? काय सांगू? वहीत बेबीही आहे, त्या चौघीही आहेत.
दाराशी स्टूल ओढून बसले. पहिली पोरगी बाहेर आली. कानांवर बोटांचे लाल वळ. तिला जवळ घेतलं. वहीत लिहिलं: नाव, बापाचं नाव, गाव, वय, आजची तारीख. मग दुसरा आला.
मो. डॉ. दारात आले. "हे काय चाललंय?"
"लिहून राह्यले."
"कोणाच्या परवानगीने?"
तिसरी पोरगी बाहेर येत होती. तिला विचारलं, तुहं नाव काय बाई?