होळीनंतरचं दव

पातूर, १६ मार्च २०२५

ती. दुर्गाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलमधला फोटो तुझ्या बोटाला सापडत नाही, म्हणून अकोल्याहून छापून आणलेले चार फोटो पाठवते. झेंडू, बिजली, निशिगंध आणि कुंपणावरची गोकर्ण. सगळे सूर्य टेकडीआडून वर येता येताच काढलेत. तेव्हाचं ऊन मऊ असतं, पाकळीच्या आतूनच उजेड आल्यासारखा वाटतो. घटकाभराने सगळं पांढरंफटक होतं. बाबा म्हणतात, पोरीला फुलं तोडायला लावलं तर ती त्यांचे लग्नाचे फोटो काढत बसते. कुंदनदादाची चंदा आता तीन वर्षांची झाली, रोज माझ्यामागे मळ्यात येते.

पानांवरचं दव तेवढं नीट बघ. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी तक्रार नाही.

तुझी भाची,
आकांक्षा


अमरावती, १९ मार्च

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. शेजारच्या इंदूबाईंना दाखवून झाले, गोकर्ण देवघरापाशी लावली. पण बाई, मीही माळ्याचीच लेक आहे. होळी झाली, इथे पंखे सुरू झाले, आणि तुमच्याकडे दव पडतं? कुठून आणलंस ते खरं लिही.

आणखी एक. झेंडूच्या फोटोत खालच्या पानावर एक मधमाशी उताणी पडली आहे, पाय पोटाशी घेऊन. निशिगंधाखालीही एक आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला ते बरं वाटलं नाही.

शालिकरामला म्हणावं, बहिणीची आठवण ठेव. तुम्हा सगळ्यांची वाट पाहणारी,

तुझी आत्या


पातूर, २३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंसच. दव घरचंच आहे. खोपीत फवारणीचा लहान निळा पंप पडून होता, तो साबणाने धुतला आणि पाणी भरलं. नुसतं पाणी ओघळून जातं, म्हणून बाबांच्या बाटलीतलं टोपणभर स्टिकर त्यात घालते. फवारा पानाला धरून राहावा म्हणून घालतात ना, तेच. मग थेंब भिजलेल्या साबुदाण्यासारखा जागच्या जागी उभा राहतो. माश्यांचं म्हणशील तर ऊन तापलंय, मरत असतील.

मला मात्र हल्ली सकाळच अंधारी वाटते. सूर्य वर आला तरी आभाळ भरल्यासारखं दिसतं, फोटोत उजेड नीट येतो. डोळ्यांतून पाणी येतं, तोंडालाही सारखं पाणी सुटतं. गीतांजलीवहिनी हसते, म्हणते कैऱ्या आठवत असतील. पाडवा झाला की चष्म्याचा नंबर काढून घेईन.

चंदा रोज मागे लागते, “मले बी दव लाव.” पाडव्याला नवा फ्रॉक, गळ्यात गाठी घालून झेंडूत बसवणार आहे तिला. तो फोटो मोठा करून पाठवीन. माया असू दे.

तुझी,
आकांक्षा


अमरावती, २७ मार्च

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी इंदूबाईंना फोन लावायला सांगितलं. गीतांजलीने उचलला. निळा पंप आजच्या आज फोडून टाका, एवढा निरोप तिला दिला. ती हो म्हणाली, तेव्हा कुठे घोटभर चहा गेला. बाकीचं दुसऱ्याच्या तोंडून सांगवलं नाही, म्हणून लिहिते.

तुझे आतोबा कशाने गेले ते तुला नीट माहीत नाही. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तिवशाला संत्र्याच्या बागेत फवारणी चालली होती. सकाळचं लख्ख ऊन होतं. मी डबा घेऊन गेले तर ते बांधावर उभे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडातून लाळ. मला म्हणाले, “दुर्गे, आज इतकं आभाळ काहून भरून राहिलं?” आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दिवस मावळायच्या आत ते गेले.

म्हणून सांगते, चष्म्याच्या दुकानात जाऊ नकोस, डॉक्टरकडे जा आणि पंपाचं सांग. साबणाने आतलं औषध जात नाही. चंदाचा फोटो खुशाल काढ, पण नव्या बाटलीत विहिरीचं ताजं पाणी घे. माझ्या जिवाला घोर लावू नका, एवढंच मागणं.

तुझी आत्या


अकोला, २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाडव्याची सुट्टी संपल्यावर आलं. दादाने ते इथे दवाखान्यात आणून दिलं.

मी तुझा निरोप पाळला होता. पंप त्याच दिवशी फोडला. नवी बाटली आणली, विहिरीचं पाणी भरलं. पण चंदाच्या गालावर थेंब ठरेना, म्हणून बाबांच्या बाटलीतलं स्टिकर घातलं. दोन टोपणं घातली. दुपारपर्यंत ती निपचित झाली.

बाबा इथे आल्यावर एकदाच बोलले. “त्या बाटलीत स्टिकर नोतं, पोरी. उरलेलं औषध मीच भरून ठेवलं होतं त्यात, माह्याच हातानं.” तेव्हापासून ते जिन्यात बसून आहेत, पाणीसुद्धा घेत नाहीत.

मलाही सुया दिल्या. आज खिडकीत उभी राहिले तर सकाळ लख्ख दिसली, आणि मला स्वतःची लाज वाटून रडू आलं. चंदा अजून यंत्रावर श्वास घेते आहे. डॉक्टर उद्याचं काही बोलत नाहीत.

फोटो मोबाइलमध्ये आहे. वहिनीने मागितला, मी दिला नाही. मागून कोवळं ऊन आलंय, गाठी चमकताहेत, आणि चंदा हसत हसत ओठावरचा थेंब जिभेने चाटते आहे. इतका चांगला फोटो मला आजवर आला नव्हता.

लोभ मागायला तोंड नाही. तू फक्त निघून ये.

आकांक्षा