शरणचिठ्ठीवरचं नाव

वोनोसारी, जावा
१९८९

प्रिय लस्त्री,

तुझं पाकीट मिळालं. लायडनच्या तुझ्या ग्रंथालयात, डच लष्कराच्या जुन्या कागदांत तुला ती शरणचिठ्ठी सापडली. मागे जावा लिपीत तुझ्या बाबांची सही. तू ती अजून कुणाला दाखवलेली नाहीस, आणि मला एवढंच विचारलंस, हे खरं का? खरं आहे.

एकोणपन्नास साली डचांशी लढाई चालू होती, तेव्हा त्या चिठ्ठ्या त्यांच्या विमानातून पडायच्या. बंदूक आणून द्या, चिठ्ठी दाखवा, जीव वाचेल, असं छापलेलं असायचं. डोंगरात लपलेली आपली माणसं त्यात तंबाखू वळून ओढायची. बाबांनी एक नीट घडी घालून ठेवली, तेव्हा दार्मो म्हणाला, "काय मास्तर, हजेरीला कागद कमी पडला का?" सगळे हसले. तू तेव्हा आठ महिन्यांची होतीस, तापाने डोळे फिरवत होतीस, आणि क्विनाइन फक्त डच छावणीत होतं.

बंदूक तिघांत एक होती. त्यातला एक दार्मो. बाबा तीच घेऊन गेले. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

परवा बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्याचं जेवण घातलं. प्रार्थना झाली, केळीच्या पानातल्या भाताच्या पुड्या वाटत होते, आणि दार्मो सगळ्यांसमोर म्हणाला, "कबरीवर लढलेल्यांचा झेंडा लावलाय म्हणे. शरण गेलेल्याला कसला झेंडा, वहिनी?" बाबांनी हे चाळीस वर्षं ऐकून घेतलं. मीही घेतलं. परवा नाही घेतलं. म्हटलं, "दार्मो, त्यांनी बंदूक दिली आणि पोर परत आणली. पोर चाळिशी ओलांडून गेली. तुमची बंदूक असती तर आज काय करत असती?" मागून कुणीतरी हसलं. दार्मो पुडी तिथेच ठेवून गेला. मी ती त्याच्या सुनेच्या हाती दिली. झेंडा मात्र काढला नाही.

तू लिहितेस, सही तिथे कुणाला वाचता आली नाही म्हणून नोंदीत 'नाव अज्ञात' आहे, आणि तू गप्प राहिलीस तर तसंच राहील. म्हणून हे पत्र. गप्प राहू नकोस. विर्योसुमार्तो, शिक्षक, असं पूर्ण लिही. खाली जागा उरली तर माझंही नाव घाल. त्या दिवशी तुला झोळीत बांधून छावणीच्या फाटकाकडे मी त्यांच्या पुढे चालले होते. गोळी घालायचीच तर आधी आपण दोघी दिसू दे, म्हणून.

तुझीच,
आई