ओहोटीचा दगड

५ ऑक्टोबर

आले एकदाची सातपाटीत! नाशिकच्या मुलीला घराच्या गच्चीतून समुद्र दिसतो म्हणजे चैनच. ऑफिसला तारापूरला जायला लांब पडेल, पण दिवसभर प्रयोगशाळेत रसायनांचा वास घेतल्यावर घरी तरी दुसरा वास हवा. तो इथे भरपूर आहे. खाली अंगणभर बांबूंवर बोंबील टांगलेत.

घरमालकीण चंद्रकांता मावशी खाली एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा सुजीत गेल्या वर्षी बोटीवरून पाण्यात पडला, तो सापडलाच नाही. हे सामान वर चढवताना त्यांचे दीर महादूकाका हळूच सांगत होते. माझी काचेची टाकी बघून मावशींना मात्र हसू आवरेना. म्हणाल्या, "मासे काचंत ठेवनार? आनि खानार कदी?"

९ ऑक्टोबर

टाकी मांडून झाली. कॉलेजपासूनची हौस: घरात खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात जिवंत प्रवाळ. आता सगळं अडलंय ते गाळणीवर. नुसता स्किमर, म्हणजे पाण्याला फेस आणणारं यंत्र, लावला तर फेसाबरोबर घाण निघते, पण विरघळलेलं नायट्रेट उरतं. डब्याचा फिल्टर धुवायचा आळस केला की तोच घाणीचा कारखाना होतो. मला पटलंय ते रेफ्युजियम. मोठ्या टाकीच्या खाली एक छोटी टाकी, तिच्यात वाळू, शेवाळ आणि सच्छिद्र जिवंत दगड, म्हणजे भोकाभोकांत बारीक जीव राहणारा समुद्रातला दगड. तिथे खाणारा मासा नाही, म्हणून बारीक जीव निवांत वाढतात आणि शेवाळ वरच्या पाण्याची घाण फस्त करतं. शब्दही किती छान, आश्रयाची जागा.

फक्त चांगला दगड हवा. दुकानातले सगळे मेलेले, पांढरे.

१३ ऑक्टोबर

मिळाला! सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर गेले होते. बंधाऱ्याच्या खाली एकटाच उभा होता. जांभळट, भोकाभोकांचा, हात लावला की चिमुकले किडे आत पळत. त्याला जाळ्याच्या निळ्या दोरीचे वेढे होते. ती कापून कचऱ्यात टाकली, तेवढीच समुद्राची सेवा. आजूबाजूला कोणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या दगडाला कोण मालक असणार? तरी पिशवीत घालताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, हे खरं.

खालच्या टाकीत मावेना, म्हणून हातोडीने दोन तुकडे केले. एक रेफ्युजियममध्ये ठेवला. दुसरा वरच्या टाकीत खडकांना पाण्यात घट्ट होणाऱ्या पुटीने चिकटवला आणि त्यावर मुंबईहून आणलेलं मऊ प्रवाळ बसवलं. हे सगळं झपाट्याने उरकलं. जिवंत दगड क्षणभरही सुकू द्यायचा नाही, हा या छंदातला पहिला नियम. सुकला की आतले जीव गुदमरतात.

२१ ऑक्टोबर

नायट्रेट जवळपास शून्य! प्रवाळ फुलासारखं उघडलंय. मावशी वर येऊन बघून गेल्या, पहिल्यांदाच बराच वेळ बसल्या. त्यांनी बोंबलाची भजी आणली होती. वरच्या तुकड्याच्या भोकांकडे बघत म्हणाल्या, ऱ्हायला जागा चांगली हाय. मी का कोण जाणे पटकन दिवा मालवला.

रेफ्युजियममधल्या दगडातून बुडबुडे निघतात. शेवाळाचा प्राणवायू, दुसरं काय.

२४ ऑक्टोबर

आज मावशी किनाऱ्यावर काहीतरी शोधत होत्या. लुगड्याचा ओचा चिखलाने भरलेला. विचारलं तर सांगितलं. त्यांच्या घरात रीत आहे: ज्याचं अंग समुद्राने परत दिलं नाही, त्याच्या नावाने दगड ठेवायचा, त्याच्याच बोटीच्या जाळ्याची दोरी बांधून. ठेवायचा तो भरती-ओहोटीच्या मधल्या जागेत. भरतीला तो पाण्याखाली जातो. "मंग ओहोटीला वर येतो गो. तवा तो दम घेतो. येवडाच त्याला दम मिलतो."

दगड जागेवर नाही. त्यांना वाटतंय, उधाणाने ओढून नेला.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, चला, मीही शोधते. तासभर चिखलात वाकून शोधलं. जो दगड माझ्या घरात आहे तो. मावशींनी माझे पाय धुवायला गरम पाणी दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ ऑक्टोबर

सांगितलं नाही. उद्या सांगेन. दगड काढला तर पाणी बिघडेल, प्रवाळ मरेल. प्रवाळाचा काय दोष? असा युक्तिवाद मी करते आहे, मी, शिकलेली बाई.

बुडबुड्यांची वेळ बघते आहे. दिवा बंद असतानाही येतात, पंप बंद केला तरी येतात. ओहोटी लागली की सुरू होतात. आधी सावकाश. मग घाईघाईने, कोणी धडपडावं तसे. भरती आली की थांबतात.

त्याला आता ओहोटीच नाही. मी त्याला चोवीस तास पाण्याखाली ठेवलंय.

२९ ऑक्टोबर

रेफ्युजियमच्या काचेवर आतून शेवाळाचा थर आला होता. आज दुपारी त्यात पाच पट्टे पुसलेले दिसले. पंजाएवढे. आतून.

खालची टाकी उपसली. दगड बादलीत घालून किनाऱ्यावर नेला, त्याच जागी ठेवला. कोणी पाहिलं नाही. सुटले.

वरचा तुकडा राहिलाय. तो पक्का चिकटलाय. आणि प्रवाळ — अर्धा दगड परत दिला तरी चालेल ना? दगडच तो.

३१ ऑक्टोबर

मावशींना दगड सापडला, दोरी नसली तरी ओळखला. रडल्या, हसल्या, मला मिठी मारली. मग त्याच्या फुटक्या बाजूवरून हात फिरवत बसल्या. "आला माजा सुजीत. पन अर्दाच हाय. बाकीचा कुटं रायला गो?"

मी म्हणाले, लाटांनी फुटला असेल.

हे मी म्हणाले. त्यांच्या तोंडावर.

२ नोव्हेंबर

ओहोटीला छाती भरून येते. डॉक्टर पालघरचे, म्हणाले दमा नाही, तपासणी स्वच्छ. श्वास आत नीट जातो. बाहेर सोडताना अडतो. भरती आली की मोकळं होतं.

प्रवाळ मिटलंय. उघडत नाही.

३ नोव्हेंबर

ठरवलं. प्रवाळ मरू दे. सकाळी टाकीत हात घालून तुकडा ओढला. निघत नाही. पुटी नाही ती — पुटी सुटलीय, मी पाहिलं. तरी निघत नाही. कोणीतरी धरून ठेवलाय.

बोटांना गार काहीतरी लागलं. बोटांसारखं.

मावशींनाच बोलावते. त्यांच्या हाताला सोडेल तो. त्या आई आहेत. आज सांगणारच —

त्याच दिवशी, दुपार

मावशी बाजारातून आत्ता परतल्या, आणि ओहोटी लागली. खिडकीतून दिसतात मावशी, अंगणात बोंबील उलटताहेत. इतक्या जवळ, पण जिना उतरण्याइतका दम नाही. हाक मारायची म्हणजे श्वास बाहेर सोडायला हवा. सुटत नाही. आत जातोय, परत आत —

काच ठोकली. त्यांनी वर पाहिलं, हसल्या, हात हलवला.

म्हणून लिहिते. मावशी, दगड मी घेतला. दोरी मी कापली. फोडला मीच. त्याचा अर्धा भाग वर टाकीत आहे, उजवीकडे, प्रवाळाखाली. तुम्ही काढा. उन्हात ठेवा. त्याला दम घेऊ दे, म्हणजे मला —

आत येतो. नुसता आत. बाहेर