लाल पट्ट्याचं झाड

मुहर्रक

प्रिय इक्रा,

फोनवर तू इंग्लिशमधून बोलतेस, मी मराठीतून, दोघींचं भागतं. पण हे लिहूनच सांगायचं होतं. शुक्रवारी सकाळी तुला मराठी वाचायला बसवायचे, तेव्हा तू ओळीखाली बोट धरायचीस. तसंच वाच. घाई नाही.

मी तुझ्याकडे आले ती तुला परत न्यायला, हे तू ओळखलं होतंस. मेडिकल अर्धवट टाकून मुलगी दूरच्या बेटावर लोकांना रान दाखवत फिरते, हे अब्बांच्या गळी उतरेना. तुझ्याशी बोलणं तर त्यांनी सोडलंच होतं. मला विमानतळावर सोडताना म्हणाले, "खलास, झाली हौस. घेऊन ये." आठवडाभर मी विषय काढला नाही. शेवटच्या दिवशी काढायचं ठरवलं, तर तू म्हणालीस, चल, सोपी वाट आहे, तुझे गुडघे कुरकुरणार नाहीत.

पहिल्या वळणावर चिखलाचा वास आला आणि मी थबकले. कांदळ. माहेरी दाभोळच्या खाडीला तेच, इथे आखातात तुबलीच्या खाडीलाही तेच. इतके समुद्र ओलांडून आले आणि समोर ओळखीचं झाड. तुझ्याबरोबर रान बघायला आलेलं ते म्हातारं जोडपं होतं. आजोबांना धाप लागायची. तू दर वेळी नेमकी तिथेच थांबायचीस जिथे काही बघण्यासारखं असेल: मुळांत दडलेला खेकडा, पाण्यावर वाकलेला बगळा. आजोबांना वाटलं, तू खेकड्यासाठी थांबलीस. मी मागून बघत होते. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी तुला सदा "यल्ला, चल लवकर" म्हणत वाढवलं.

मग वाट समुद्रावर उतरली. तिथे दाट सावलीचं झाड, खोडावर लाल रंगाचा पट्टा. आमच्याकडे झाडावर असा पट्टा ओढला की ते तोडायला काढलेलं. खाली लहानशी हिरवी-पिवळी फळं पडली होती. पेरूसारखी दिसली, वासही गोड. झाड जाणारच, फळं वाया का घालवा, म्हणून मी एक उचललं आणि तोंडाकडे नेलं.

"अगो अम्मी! टाक ते आधी! तोंडाला नको लावूस!"

इक्रा, तू मराठीत ओरडलीस. माझ्या आईच्या आवाजात. फळ हातातून उडवलंस, बाटलीतलं सगळं पाणी माझ्या हातावर ओतलंस, एकेक बोट उलटसुलट करून पाहिलंस. मग सांगितलंस की फळानं घसा भाजतो, चिकानं कातडी सोलवटते, आणि पट्टा त्यासाठीच. मी म्हटलं, मग तोडत का नाहीत? तू म्हणालीस, त्याच्या मुळांनी ही वाळू धरून ठेवलीय. त्याला पट्टा द्यायचा आणि लोकांना सांभाळून न्यायचं, एवढंच.

म्हणून मी त्या दिवशी विषय काढला नाही. तुला वाटलं असेल, अम्मी घाबरली. घाबरले नव्हते. तुझ्याकडे बघत होते.

इथे उतरले तर अब्बांनी माझ्या पाठीमागे पाहिलं. "एकटीच?" मी म्हटलं, एकटीच. जेवताना मी त्यांना ते झाड सांगितलं, पाणी ओतलेलं सांगितलं, आजोबांची धाप सांगितली. बराच वेळ घास चिवडत बसले. मग म्हणाले, "विषारी, आणि तरी ठेवलंय?"

गेल्या आठवड्यात ते नवे बूट घेऊन आले. जन्मभर चपलांत वावरलेला माणूस. रोज संध्याकाळी ते घालून अरादच्या खाडीकाठी चालतात, टाचेला फोड घेऊन येतात, आणि म्हणतात डॉक्टरनं चालायला सांगितलंय. कुठल्याही डॉक्टरकडे ते गेलेले नाहीत. काल मोजे काढता काढता, माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या वाटेला चढ किती आहे?" मी म्हटलं, नाहीच. रमजाननंतर त्यांना रजा आहे. आपण होऊन ते तुला फोन करणार नाहीत, तुला माहीत आहे त्यांचं. तूच कर. बुटांचं मी सांगितलं म्हणू नकोस. फक्त म्हण, अब्बा, एकदा या, मी थांबत थांबत नेईन.

तुझीच,
अम्मी