ईदची मिठी

गुरुवार, ११ एप्रिल २०२४

मिठी मारली! हनीफभाईंनी समाधानला मिठी मारली — दारातच, सगळ्या चाळीदेखत!

 समाधानला स्कूटरवर मागे बसवून मीच चाकणला नेलं. संस्थेतर्फे मी जेलमध्ये भांडणं बोलून मिटवायचा वर्ग घेते, त्याला हा पोरगा न चुकता यायचा. गाडी वेळेवर दुरुस्त करून दिली नाही एवढ्यावरून ह्याने हनीफभाईंच्याच गॅरेजमधला पाना उचलला आणि त्यांच्या उजव्या हातावर घातला. त्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. केस चालू आहे, हा जामिनावर बाहेर आलाय, आणि आल्यापासून एकच — 'ताई, मला त्यांची माफी मागायचीय.'

दिवस मी निवडला. ईदला दारात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. आहे की नाही डोकं!

समाधान सरळ पायांवरच पडला. हनीफभाई जरा वेळ नुसते उभे. मग 'ऊठ रे, ऊठ' म्हणाले आणि गळाभेट घेतली. त्यांच्या बायकोने, रहिमाबींनी, दोघांना शीरखुर्मा दिला. मी फोटो काढला, संस्थेच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाळ्यांचा पाऊस.

निरंजन म्हणाला, "आता माझं आणि सोसायटीच्या चेअरमनचं तेवढं मिटव." नवरा म्हणून ह्याहून जास्त कौतुक त्याला जमत नाही.

सोमवार, १५ एप्रिल

संस्थेचे प्रमुख साहेबराव, त्यांचा फोन. संस्थेच्या नव्या पत्रकावर तोच फोटो छापायचा म्हणतात. 'दिपालीताई, शंभर भाषणं एकीकडे आणि हा फोटो एकीकडे!' मी नको म्हणाले. परत नको म्हणाले. मग हो म्हणाले. आधीपासून होच म्हणायचं होतं, उगाच कशाला खोटं लिहा.

मंगळवार, १६ एप्रिल

जेलमध्ये वर्ग. नवीन बॅच, म्हणून पहिल्यापासून. गोल बसवलं आणि पहिला नियम सांगितला: दार वाजवा. भांडणाचं बोलायचं तर आधी समोरच्याला विचारा, 'आत्ता बोलू का?' तो हो म्हणेपर्यंत थांबा. नाही म्हणाला तर परत फिरा.

मागून एक जण म्हणाला, "ताई, इथं दार बाहेरनं बंद. वाजवून उपयोग काय?" सगळे हसले. मीही हसले.

येताना मात्र काहीतरी टोचत होतं. कळेना काय.

रविवार, २१ एप्रिल

कळलं.

दुपारी रहिमाबींचा फोन आला. आवाज अगदी शांत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

समाधानचा वकील घरी येऊन गेला. मोबाइलवर माझा फोटो दाखवला आणि म्हणाला, तडजोड तर झालेलीच आहे, कागदावर फक्त सही द्या. सही दिली की केस मिटल्यातच जमा. चाळमालकही म्हणतोय, सणाला गळ्यात पडलास, आता सहीला कशाला अडतोस? शेजारचे धोंडीबा म्हणतात, मोठं मन केलंयस हनीफ, आता मागं येऊ नको.

"ताई, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ते जेवले नाहीत. ईदचं ताट तसंच राहिलं. ह्या माणसाचा स्वभावच असा हाय, घरी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. उधारीवाल्याला नाही म्हणत नाहीत, तर तुम्हाला काय म्हणणार? त्यांना माफ करायचं नव्हतं. त्यांना कोर्टात सांगायचं होतं, ह्या हातानं आता नट फिरत नाही म्हणून. एवढंच सांगायचं होतं."

मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "त्या पोराला तुम्ही माफी मागायला शिकवलं. चांगलं केलं. आमच्या माणसाला नाही म्हणायला कोण शिकवणार?"

बुधवार, २४ एप्रिल

ईदच्या आधी समाधानच्या वकिलाला विचारलं होतं, भेटलं तर चालेल का. चालेल म्हणाला. साहेबरावांना विचारलं. निरंजनला विचारलं. समाधानला तर दहादा विचारलं, मनाची तयारी आहे ना म्हणून. हनीफभाईंना सोडून सगळ्यांना विचारलं मी.

विसरले असंही नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणतील, हे ठाऊक होतं. म्हणूनच तर ईद निवडली. दार वाजवा म्हणे!

शनिवार, २७ एप्रिल

आज चाकणला जाणार होते. गेले नाही. पत्रकं छापून आली, गठ्ठा दारात. मिठी झकास आलीय. पहिल्यांदाच नीट पाहिली. समाधानचे दोन्ही हात हनीफभाईंच्या पाठीवर घट्ट. हनीफभाईंचा डावा हात त्याच्या खांद्यावर, आणि उजवा — नुसता लोंबतोय.

हे त्या दिवशी दिसलं नाही मला? फोटो तर मीच काढला होता.

गठ्ठा माळ्यावर टाकला. साहेबरावांना कळवलं, वाटायचा नाही. ते चिडले. चिडू देत.

रविवार, २८ एप्रिल

गेले एकदाची. आधी फोन केला, 'येऊ का?' हनीफभाई म्हणाले, "या ना ताई, विचारायचं काय त्यात!"

गॅरेजच्या मागच्या चाळीतच त्यांची खोली. त्यांनी डाव्या हाताने स्टूल पुसून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तुम्हाला न विचारता त्याला आणलं, मुद्दाम सणाला आणलं. सही देऊ नका. समाधानशी मी बोलते. बोलता बोलता रडायलाच लागले. अगदी हुंदके देऊन! हनीफभाई गडबडले. रहिमाबींना म्हणाले, अगं पाणी दे. मला म्हणाले, "ताई, रडू नका हो. झालं गेलं. तुम्ही चांगल्यासाठीच केलं." परत परत तेच. मला रडू आवरेना.

रहिमाबींनी पाणी दिलं.  दाराशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

पुनावळ्याला घरी परत येईपर्यंत छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, ३० एप्रिल

समाधानला तळेगाव चौकात गाठलं. कंपनीतून सुटून आला होता, कंत्राटावर लागलाय. चहा मागवला आणि सांगितलं. त्याचा ग्लास हातातच राहिला.

"मग ती मिठी कसली होती, ताई?"

"सणाची."

"मी तर गावाकडं आईला सांगितलं, त्यांनी माफ केलं म्हणून. आई रडली फोनवर."  रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही, नुसता खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "वकिलाला सांगतो, कागद नको. त्यांना काय सांगायचं ते कोर्टात सांगू द्या. मारलं तर मीच हाय."

शाबास म्हणावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याचीही माफी मीच काढून घेतली. मुळात नव्हतीच, ती आधी दिली आणि मग काढून घेतली.

पण निदान हनीफभाईंची सही तरी वाचली.

शनिवार, ४ मे

समाधानचा फोन. "ताई, मी तर नको म्हणलो होतो. ते आपणहून आले वकिलाकडं. सही करून गेले. डाव्या हातानं."

लगेच रहिमाबींना लावला. का? आता तर कुणी मागे लागलं नव्हतं!

"तुम्ही रडलात ना त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "घरी आलेली बाई रडत गेली, म्हणून ह्यांना घास गोड लागेना. म्हणाले, ताईंच्या जिवाला फार लागलंय, मिटवून टाकू."

माझ्या तोंडाशी पुन्हा माफीच आली होती. गिळली.